बाळकुम ते मानपाडा, एका आजारी जिताड्यासोबत

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातल्या समस्त नागरिकांना, त्यातही मासे खाणाऱ्यांना, आणि त्याहूनही विशेष म्हणजे मासे न खाता जिन्यात नाक मुरडणाऱ्यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की अलीकडेच एका जिताड्याने बाळकुमहून प्रस्थान ठेवले, वर्तकनगरला मुक्काम केला आणि तो मानपाड्याला पोहोचला. पूर्ण पोहोचला नाही. पण जेवढा पोहोचला तेवढ्यावर काम भागले. त्या प्रवासात त्याच्यासोबत असण्याचे भाग्य प्रस्तुत लेखिकेला लाभले.

लोक केदारनाथला जाऊन येतात आणि लिहितात. व्हिएतनामला जाऊन येतात आणि फोटोंसकट लिहितात. मी ठाण्याला जाऊन आले. मी डोंबिवलीची, त्यामुळे अंतर म्हणाल तर सकाळचा चहा पिऊन निघालेला माणूस दुपारच्या चहाला घरी येईल, मध्ये शिळफाट्याने कृपा केली तर. पण जे मला दिसलं ते व्हिएतनामला दिसत नाही, म्हणून लिहिते.

आधी माझी ओळख. डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जंतूंच्या टेबलावर माझं निम्मं आयुष्य गेलंय. कुणाच्या घशात काय वाढतंय, कुणाच्या लघवीत कोण राहायला आलंय, हे मला घरच्यांच्या आधी कळतं. म्हणून आमच्या भागातले लोक मी रस्त्यात दिसले की उगाचच घसा साफ करतात. तर एके सकाळी बाळकुमहून प्रमिलाचा फोन आला. प्रमिला म्हणजे बी.एस्सी.ला माझ्या शेजारच्या बाकावर बसून माझ्याच आकृत्या उतरवणारी मैत्रीण. लग्न होऊन बाळकुमला गेली आणि सासरच्या खाडीकाठच्या खाजणातल्या तळ्यात जिताडे वाढवायला लागली.

"शुभा," ती म्हणाली, "माझे मासे गोल गोल फिरायला लागलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे गरबा. दोन दिवस गरबा करतात आणि मग मरतात."

मी हसले. पलीकडे हसू आलं नाही. मग कळलं की तिचे मोठे दीर काशिनाथभाऊ यांनी घरात जाहीर केलंय, या खेपेला मासे मेले तर तळं बुजवायचं. भराव टाकायचा आणि जागा टॉवरवाल्यांना गाड्या लावायला द्यायची. पोकलेनवाल्याशी बोलणंही झालं होतं. तो परवा येणार होता.

"आणि तुझा नवरा काय म्हणतो?"

"तो माशांच्या बाबतीत माझं ऐकतो आणि जमिनीच्या बाबतीत भावाचं. तू ये गं. माणसांचे जंतू ओळखतेस, माशांचे नाही ओळखता येणार?"

अशा आव्हानाला नाही म्हणणारी मी नव्हे. थर्माकोलचा डबा, हातमोजे आणि बराचसा आत्मविश्वास घेऊन मी निघाले.

बाळकुम

बाळकुमला आता गाव शोधावं लागतं. जिकडे बघावं तिकडे टॉवर, आणि त्यांची नावं अशी की रिक्षावाल्याला सांगताना आपण इटलीत उतरणार आहोत असं वाटावं. अशाच एका इटलीच्या मागे रस्ता एकदम संपतो, खारफुटी सुरू होते आणि तिथे प्रमिलाचं तळं आहे. भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खाडीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. एका अंगाला विसाव्या मजल्यावरचे पडदे पाण्यात हलतात, दुसऱ्या अंगाला बगळे उभे. आपली जागा पुनर्विकासात जाणार हे कळल्यासारखे गंभीर.

जिताडा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हा समुद्रातून खाडीत येणारा मोठा, चंदेरी, मोठ्या तोंडाचा मासा. आमच्या जिल्ह्यात पूर्वी एखाद्याला मान द्यायचा तर हार-तुरे नंतर, आधी जिताडा पोहोचवायचे. साहेबाची बदली, मुलाचा साखरपुडा, जावयाचं पहिलं येणं, सगळीकडे जिताडा. ही गोष्ट लक्षात ठेवायला मीच विसरले, त्याचं पुढे काय झालं ते येईलच.

मी पोहोचले तेव्हा तळ्याच्या बांधावर रोगनिदानासाठी तज्ज्ञ मंडळ जमलेलंच होतं. शेजारच्या आजींचं मत, दृष्ट लागली. टॉवरच्या वॉचमनचं मत, जिमच्या आवाजाने झोप होत नाही. काशिनाथभाऊ पांढरा शर्ट, हातात छत्री, बांधाच्या मधोमध उभे. त्यांचं मत पक्कं होतं.

"म्याडम, पानीच मेलंय. पानी मेलं का मासली कशी जगंल? मी कवाचा सांगतंय, बुजवा."

मी पाण्यात बघितलं. बरेच मासे तळाशी शांत होते, पण काही वर येऊन खरंच गिरक्या घेत होते. अंग काळवंडलेलं. डोळे असे बाहेर आलेले, जणू त्यांनी टॉवरमधल्या फ्लॅटची किंमत ऐकली. मी कंबरेवर हात ठेवला, दीर्घ श्वास घेतला आणि नाटकातल्या इन्स्पेक्टरच्या थाटात म्हणाले, "व्हिब्रिओ!"

खाऱ्या पाण्यातल्या माशांना जंतूंचा आजार म्हटला की पहिलं नाव व्हिब्रिओचं घ्यायचं, एवढं मी येताना वाटेत फोनवर वाचून घेतलं होतं. प्रमिलाच्या डोळ्यांत जो आदर चमकला, तो मी परीक्षेत तिला आकृत्या दाखवायचे तेव्हाही नव्हता.

काशिनाथभाऊंनी बादलीतले मेलेले मासे पुढे केले. "ह्ये घेऊन जा तपासाला. चार हायेत."

"मेलेले नकोत."

"का? मेलेल्यालाच इचारायला पायजे ना, कशानं मेलास!"

"भाऊ, मेलेल्या माशावर सगळ्या गावाचे जंतू जमतात. बाराव्याला नातेवाईक जमतात तसे. त्यातून खुनी कोण ते कसं ओळखायचं? मला आजारी पण जिवंत मासा हवा. धरला की लगेच बर्फात, आणि आजच लॅबमध्ये."

सांगायला सोपं. आजारी जिताडा जाळं दिसेपर्यंत आजारी असतो. जाळं दिसलं की त्याला आपलं पूर्वीचं आरोग्य आठवतं. प्रमिला गुडघाभर चिखलात, मी बांधावरून दिग्दर्शन करतेय, "डावीकडे! अगं तुझ्या डावीकडे!" आणि मासे आमच्या डोक्यावरून उड्या मारतायत. एकाने मला शेपटीने गालावर अशी मारली की आयुष्यात मला इतकं स्पष्ट उत्तर फार कमी जणांनी दिलंय. दुपार उलटता उलटता एक मध्यम आकाराचा, डोळे सुजलेला, गिरक्या घेऊन थकलेला जिताडा जाळ्यात आला. तो मीच बर्फात ठेवला, हातमोजे घालून, आईने बाळाला झोपवावं तसा.

मग जेवण. तांदळाची मऊ भाकरी, जवळ्याची चटणी, वालाचं बिरडं आणि बोंबील. आम्हा डोंबिवलीकरांकडे पाहुण्याला "अजून एक पोळी घेणार का?" असं विचारतात आणि तो नाही म्हणाला की मनातून हुश्श करतात. बाळकुमला विचारत नाहीत. पानात पडते. काशिनाथभाऊ समोर बसून मला भाकरी वाढत होते आणि वाढता वाढता सांगत होते, "तुमचा अहवाल आला का मी बघीन. पन पोकलेन परवा येनार म्हंजे येनार." वैर आणि वाढप एकाच हाताने करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

निघताना प्रमिला रिक्षापर्यंत आली. डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. "या तळ्यात मी पिल्लं सोडली तेव्हा बोटाएवढी होती गं," एवढंच म्हणाली.

वर्तकनगर

सरळ डोंबिवलीला जायला हवं होतं, कबूल. पण ठाण्याला येऊन नणंदेकडे न जाणं म्हणजे काय, हे ज्यांना नणंद आहे त्यांना सांगायला नको. शिवाय बर्फ वितळत होता आणि सुलभाताईंच्या घरचा फ्रीज कपाटाएवढा आहे. पाच मिनिटं थांबायचं, बर्फ भरायचा, निघायचं. असा बेत.

सुलभाताईंनी दार उघडलं, मला बघितलं, डब्याचं झाकण उचलून आत बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं मागून कुणी टॉर्च मारला.

"अगं बाई! जिताडा!"

"ताई, तो जरा बर्फात..."

"तू बस. मी बघते."

"मी बघते" हे वर्तकनगरातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. पण मला ते कळेपर्यंत अण्णा, म्हणजे सुलभाताईंचे यजमान, मला हॉलमध्ये सोफ्यावर बसवून समोर ठाकले होते. अण्णा त्याच आठवड्यात सोसायटीचे चेअरमन झाले होते. पाण्याची टाकी, पार्किंग, तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याचा प्रश्न, सगळं त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं. आत स्वयंपाकघरातून खर्र खर्र आवाज येत होता. मला वाटलं, पोह्यांवर घालायला खोबरं खवतायत. किती करतात माझं, असं वाटून माझे डोळेही जरासे ओले झाले.

पोहे आले. त्यावर खोबरं नव्हतं.

मी पोह्यांकडे बघितलं. मग स्वयंपाकघराकडे बघितलं. मग उठले.

ओट्यावर एक मोठं ताट. त्यात माझ्या रुग्णाचे जाड, देखणे, सारख्या मापाचे तुकडे. हळद, मीठ, लिंबू, आलं-लसणाचं वाटण. जेवणाऱ्याच्या दृष्टीने सोहळा, जंतूंच्या दृष्टीने हत्याकांड. जंतू ओळखायचा तर तो जिवंत मिळावा लागतो, आणि ह्या वाटणातून जिवंत काही बाहेर येणं शक्य नव्हतं.

"ताई! ह्याच्या पोटातलं कुठे गेलं? ह्याचं मूत्रपिंड? प्लीहा?"

"कढीपत्त्याच्या कुंडीत. खत होतं चांगलं. का गं?"

क्षणभर मी बाल्कनीतल्या त्या कुंडीकडे अशा नजरेने बघितलं की सुलभाताईंनी माझ्यासमोर येऊन दार लावून घेतलं.

"ताई, हात दाखवा."

"भविष्य बघतेस?"

"दाखवा आधी! कुठे कापलंय का? खरचटलंय? विळी लागली?"

दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. एकही ओरखडा नव्हता, पन्नास वर्षांचा सराव. मी त्यांना साबणाने हात धुवायला लावले, मग परत धुवायला लावले आणि मग विळी आणि ओटा ब्लीचने धुवायला घेतला. सुलभाताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. स्वतःच्या ओट्यावर दुसऱ्या बाईने घासणी फिरवलेली त्यांनी उभ्या जन्मात सहन केली नव्हती.

"झालंय तरी काय तुला?"

तेव्हा मला सांगावं लागलं. "ताई, हा भेट नाही. हा पेशंट आहे."

मग हॉलमधून अण्णांचा सावध आवाज आला. "वहिनी, आजारी म्हणजे नक्की किती आजारी? खरपूस तळला तर?"

"अण्णा, नाही."

"सार केलं तर? चिंच जरा जास्त..."

"अण्णा!"

अण्णा दारात आले. हातात फोन. चेहरा पडलेला. "मी ग्रुपवर टाकला ना फोटो. 'चेअरमनपदाबद्दल आमच्या वहिनींकडून जिताडा.' सगळ्यांचे अंगठे आले. बी विंगवाल्यांनी विचारलंय, किती वाजता येऊ."

आता मात्र सुलभाताई बिथरल्या. "म्हणजे माझ्या घरी, ह्यांच्या पहिल्या मानाला, तू आजारी मासा घेऊन आलीस? आणि वर माझा ओटा घासतेस?"

दोन्ही आरोप खरे होते. मी पोह्यांची बशी हातात घेऊन उभी राहिले. मला समोर दिसत होता तो परवाचा पोकलेन. परत बाळकुमला जाऊन दुसरा मासा धरायचा म्हणजे आणखी एक अख्खी दुपार, आणि दिवस मावळायला आला होता.

ताटाकडे बघत होते, तेवढ्यात लक्षात आलं. तुकडे आहेत, शेपूट आहे, पण...

"ताई, डोकं?"

"डोकं फ्रीजमध्ये. तसंच ठेवलंय. डोक्याचं सार ह्यांना लागतं, आणि ते कसं फोडायचं ते हे स्वतः उभं राहून सांगतात. दुसऱ्याने हात लावलेला चालत नाही."

अण्णांचा विजय असो! मी फ्रीज उघडला. स्टीलच्या डब्यात, वर झाकण, ना हळद ना मीठ ना पाणी, अखंड डोकं सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं. गिरक्या घेणाऱ्या, डोळे बाहेर आलेल्या माशात जंतू शोधायचा तर मेंदूसारखी जागा नाही. पोटातलं सगळं कढीपत्त्याला गेलं तरी चालणार होतं.

"वहिनी," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात चेअरमन उरला नव्हता, "बाकी सगळं न्या. डोकं ठेवा."

"अण्णा, आजार डोक्यातच आहे."

"ते मी लग्न झाल्यापासून सांगतेय," सुलभाताई म्हणाल्या, आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून मी आज तुमच्यासमोर आहे. तुकड्यांचं ताट पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात गेलं, अण्णा बी विंगसाठी पापलेट आणायला निघाले, आणि मी डबा भरभरून बर्फात बसवला.

परतीच्या रिक्षावाल्याशी शिळफाट्याच्या कोंडीत ओळख झाली. "ताई, एवढं जपून काय नेताय?"

"डोकं," मी दमून म्हणाले.

रिक्षा पुढच्या पोलीस चौकीपाशी हळू झाली. आरशातून दोन डोळे माझ्यावर खिळलेले. मी झाकण उघडून दाखवलं. त्याने नीट बघितलं, सुटकेचा श्वास सोडला आणि म्हणाला, "याला आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या."

मानपाडा

आमचे डॉक्टरसाहेब माझ्याहून वयाने बरेच लहान आणि त्यामुळे फार सभ्य आहेत. माणसांच्या लॅबमध्ये माशाचं डोकं बघून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, पेशंटचं वय?"

मी कवटी वरून स्पिरिटने पुसली, निर्जंतुक सुरीने उघडली. एवढ्या मोठ्या तोंडाच्या प्राण्याला मेंदू शेंगदाण्याएवढा. अशी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. मेंदूचा अंश दोन प्लेटांवर पसरला. एक हिरवी, खास व्हिब्रिओसाठी मागवलेली; त्यावर व्हिब्रिओ वाढला की तो लपून राहत नाही. दुसरी लाल, रक्त घातलेली, आमची रोजची. मग रात्रभर वाट बघणं. प्रमिलाचे फोन येत राहिले, आज किती मेले ते सांगायला. शेवटच्या फोनला तिने आकडा सांगितलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिरवी प्लेट आधी उचलली. काही नाही. स्वच्छ हिरवळ. बांधावर कंबरेवर हात ठेवून ज्याची घोषणा केली, तो व्हिब्रिओ आलाच नव्हता.

लाल प्लेट उजेडात धरली. तिच्यावर दवासारखे बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग विरघळून गेल्याचं कडं. त्यातला एक ठिपका काचेवर घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. जांभळे गोल मणी, एकापुढे एक ओवलेले, गजऱ्यासारखे. माणसांच्या घशात आयुष्यभर बघितलेलं खानदान. स्ट्रेप्टोकोकस! मी एवढ्या मोठ्याने ओरडले की बाहेर रक्त द्यायला बसलेल्या गृहस्थांनी बाही खाली केली.

मासळीच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांना फोटो पाठवले, लक्षणं सांगितली. त्या म्हणाल्या, जिताड्यात असा आजार असतो, गिरक्या आणि डोळे ही त्याचीच खूण. नेमकी जात कोणती आणि कुठलं औषध लागू पडतं, ते त्यांच्या प्रयोगशाळेत बघू, प्लेट पाठवा. आणि विचारलं, "खायला कच्ची मासळी घालतात का? गर्दी फार आहे का?" दोन्हींचं उत्तर हो होतं.

प्रमिलाला फोन लावला तेव्हा मागे पोकलेनची घरघर ऐकू येत होती. एक दिवस आधीच आला होता तो.

"स्पीकरवर टाक," मी म्हणाले, आणि आयुष्यातलं सर्वांत मोठं स्वगत म्हटलं. पाणी मेलेलं नाही. आजार जंतूंचा आहे, माणसांचा घसा धरणाऱ्या घराण्यातला जंतू सापडलाय, त्याला औषध आहे. मेलेले रोज काढा, गर्दी कमी करा, कच्ची मासळी बंद करा, आणि औषध डॉक्टरीणबाई सांगतील तेच आणि तेवढंच, स्वतःच्या मनाने गोळ्या ओतू नका. हातमोजे घाला, कापलेला हात पाण्यात नको.

पलीकडे बराच वेळ घरघर. मग काशिनाथभाऊंचा आवाज. "म्हंजे मासलीचा घसा धरला व्हता?"

"घसा नाही भाऊ, मेंदू. पण घराणं तेच."

"आनि आवशद हाय?"

"आहे."

परत घरघर. मग ती बंद झाली. "अमावास्येच्या भरतीपर्यंत बघतो," ते म्हणाले. "मंग नाय."

पुन्हा बाळकुम

अमावास्येच्या दिवशी मी परत गेले. सुलभाताईही आल्या, तळं बघायला म्हणून. अण्णांनी सोसायटीचं काम सांगून टाळलं, पण मला वाटतं त्यांना दुसरं डोकं बघवलं नसतं.

प्रमिलाने सांगितलं की औषध खाण्यातून द्यायचं होतं, आणि आजारी मासा खायला तयार नसतो, हाच मोठा घोळ. पहिले काही दिवस औषध लावलेले दाणे नुसते तरंगत राहिले. काही मासे आणखी गेले. मग एकेक करून खायला लागले. "आणि घालायला कोण यायचं माहितीय?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "आमचे काशिनाथभाऊ. सकाळी मी उठायच्या आधी. विचारलं तर म्हणतात, मी फक्त बघायला आलो होतो."

काशिनाथभाऊ बांधावर तिथेच उभे होते, छत्री काखेत, आमच्याकडे पाठ. भरतीचं पाणी उघाडीतून आत येत होतं. प्रमिलाने मूठभर दाणे टाकले. पाणी एकदम उकळल्यासारखं झालं, चंदेरी पाठी वर आल्या, एकाने सगळ्यांच्या वर उडी घेतली आणि आम्हा तिघींना भिजवलं. डोळे जागच्या जागी. गिरकी एकही नाही.

तेवढ्यात काशिनाथभाऊंचा फोन वाजला. पोकलेनवाला होता; अमावास्या झाली, गाडी पाठवू का म्हणून विचारत होता. भाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि नेमकं तेव्हाच पाण्यात परत झेप पडली. ते वळून बघत राहिले. फोन कानालाच. तिकडून "हॅलो, हॅलो" चाललेलं आम्हालाही ऐकू येत होतं. मग सगळा बांध दणाणेल अशा आवाजात ते ओरडले:

"ह्या तल्यान कोनी भराव टाकला, तर आदी त्यालाच पान्यान टाकीन!"